चढायचं तेवढं शिकलो

यिशुन भागातल्या आमच्या इमारतीचे जिने आम्ही रोज संध्याकाळी चढायचो, तेही पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून. नवऱ्याला हिवाळ्यात हिमाचलात बर्फातून चालायचं होतं, आणि हौसेला मोल नसतं. सिंगापुरात डोंगर आणायचा कुठून? मग बारावा मजला हाच आमचा डोंगर. वर पोचलो की लिफ्टनं खाली यायचं आणि पुन्हा चढायला लागायचं. उतरण्यात कसला आलाय व्यायाम, असं नवऱ्याचं मत. ऑफिसातून आधीच पिळून निघालेली मी, मला ते सोयीचंच होतं. लिफ्टच्या भिंतीला डोकं टेकून मी डोळे मिटून घ्यायचे.

डिसेंबरच्या सुट्टीत लेकीला पुण्याला आजीकडे ठेवून आम्ही गेलो. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या बाईंनी बुटांवरून चढवायला जुने लोकरीचे मोजे दिले, त्यानं बर्फावर पाय धरतो म्हणाल्या. त्यांचा काळा म्हातारा कुत्रा आपण होऊन आमच्याबरोबर निघाला. मागच्या पायानं जरा लंगडायचा. मी त्याला पोळीचे तुकडे देत राहिले, तो येत राहिला. चढ मुळीच जड गेला नाही. नवरा तर प्रत्येक वळणावर जिन्यांचं कौतुक सांगत होता.

उतरताना सगळं सोंग उघडं पडलं. दुपारी ओली झालेली पायवाट उन्हं कलताच पुन्हा गोठली होती. खाली पाऊल टाकलं की मांड्या लटपटायच्या, गुडघा आपला वाटायचाच नाही. नवऱ्याची बडबड बंद झाली. एका उभ्या टप्प्यावरून आम्ही दोघं बसत, घसरत कसेबसे खाली आलो आणि मी वर पाहिलं. कुत्रा तिथंच उभा होता. पुढचा पंजा टाकायचा, तो सरकला की मागे घ्यायचा.

"अगं, तो इथलाच आहे, येईल आपोआप," नवरा म्हणाला. "उजेड जातोय."

त्याचं चूक नव्हतं. मलाही एकेक पाऊल जिवावर आलं होतं. पण एवढ्यात कुत्रा पंज्यांवर डोकं ठेवून बर्फातच आडवा झाला. ते दमणं माझ्या ओळखीचं होतं. माझ्या पोळ्यांच्या नादानं तो इथवर आला होता, आणि रात्री तिथं तो गोठून गेला असता.

नवऱ्याच्या हौसेला मनातल्या मनात शिव्या देत मी उलटी फिरले. मोज्यांचे पाय रोवत, हातांनी दगड धरत चढले. गंमत म्हणजे पाय मुकाट्यानं चढले, तेवढंच त्यांना शिकवलेलं होतं. वर गेल्यावर मफलर कुत्र्याच्या छातीखालून बांधला, खाली बसले, त्याला दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि टाचा रोवत सरकायला लागले. अर्ध्यावर टाच सुटली आणि आम्ही दोघंही घसरत गेलो. नवऱ्यानं खाली पाय आडवा घालून आम्हाला अडवलं.

मला वाटलं, आता तो चिडणार. त्यानं हातमोजे काढले आणि कुत्र्याचे पंजे चोळायला घेतले.

"आपण उतरायला शिकलोच नाही गं," तो म्हणाला.

गावात पोचेस्तोवर अंधार पडला होता. कुत्रा आमच्याकडे न बघता आत गेला आणि चुलीपाशी झोपला. मला त्याचा हेवा वाटला.

लेकीला घेऊन सिंगापूरला परतल्यावर पहिल्याच सकाळी लिफ्ट आली, पण मी जिन्याकडे वळले. "आई, टेक लिफ्ट लाह," लेक लिफ्टमधून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली आणि दार बंद झालं. मी कठडा धरून एकेक पायरी उतरू लागले. गुडघे अजून ठणकत होते. दोनेक मजले गेल्यावर वरून बुटांचा आवाज आला. नवरा होता. कठडा धरून, आधी एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा, असा येत होता. ऑफिसला उशीर होत होता. मी तिथंच थांबले, तो पोचेपर्यंत.