माफीपत्र मी सांगितलं होतं

अमेरिकेत ॲन आर्बरला पीएचडी करणाऱ्या माझ्या भाचीचा व्हिसा एका ईमेलने रद्द झाला. कारण एवढंच दिलं होतं: पोलिसांकडे नोंद.

नोंद दोन वर्षांपूर्वीची. फ्रिजमधल्या मासळीवरून रूममेटशी भांडण झालं, शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. भाचीने तिच्या हातातला डबा ओढला होता, इतकंच. घाबरून तिने मला फोन केला; मी दुसऱ्या राज्यात, हर्नडनला राहते. मी आमच्या शाळेत चालायचा तो उपाय सांगितला: पोलिसांना माफीपत्र लिहून दे. दोन ओळी जास्तच लिही, नम्रपणा दिसतो. तिने लिहिलं, 'मी रूममेटला मारलं, माझं वागणं अक्षम्य आहे.' केस कोर्टाने बंद केली. कागद फाइलमध्ये राहिला.

ईमेलच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे पोचले. आम्ही वकीलबाईंसमोर बसलो.

"न केलेलं कबूल करायला हिला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मग तसं शपथपत्र द्याल? फेडरल कोर्टात सरकारवर दावा करू. नाहीतर हिला देश सोडावा लागेल."

संध्याकाळी पुण्याहून माझी बहीण, म्हणजे तिची आई, स्पीकरवर आली. "ताई, तिला गुपचूप परत पाठव. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये."

"मी शहाणी असते तर ही वेळ आली नसती."

फोन ठेवल्यावर भाची म्हणाली, "मावशी, तुझं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे. तू नाव देऊ नकोस, यार."

"बिननावाचं शपथपत्र असतं का? आणि मी तुझी यार नाही. चहा टाक."

सकाळी सही केली. रात्री झोप लागली नव्हती.

सुनावणीत न्यायाधीशांनी सरकारी वकिलाला विचारलं, "निर्णयाआधी हिची बाजू कोणी ऐकली?"

"कॉम्प्युटरमध्ये नोंद सापडली, युवर ऑनर."

"ते कळलं. केस बंद झाल्याचा आदेश कोणी वाचला?"

सरकारी वकील कागद चाळत राहिले. न्यायाधीशांनी पुढच्या सुनावणीपर्यंत व्हिसा रद्द करण्याच्या निर्णयाला स्थगिती दिली.

"म्हणजे जिंकलो?" भाचीने बाहेर विचारलं.

"नाही," वकीलबाई म्हणाल्या. "पण उद्या तू लॅबमध्ये जाऊ शकतेस." मग माझ्याकडे वळल्या. "पुढच्या वेळी ते तुमची उलटतपासणी घेतील. तुमच्या ग्रीन कार्डच्या अर्जाबद्दलही विचारतील."

मी पार्किंगमध्येच मॅनेजरला फोन लावला आणि पुढच्या सुनावणीच्या दिवसाची रजा मागितली.