तहसीलची खबर

किल्लारीहून जीपनं पंधरा मिनिटांवरच्या एका गावात अयोध्या अकरा वर्षं आशाताई म्हणून काम करत होती. भूकंपानंतर नव्या जागेवर वसवलेलं गाव. रुंद रस्ते, एकसारखी घरं. कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाची शुगर वाढलीय, कुणाची सून रुसून माहेरी गेलीय, सगळं तिला ठाऊक असायचं. गावच्या ग्रुपवर तिचा आवाज आला की लोक हातातलं काम ठेवून ऐकत. उद्या लसीकरण आहे, पाणी उकळून प्या, शाळेत तपासणीला डॉक्टर येणार आहेत. तिचं ऐकायची लोकांना सवय लागली होती, आणि आपलं ऐकलं जातं याची तिला.

तिचं माहेर बिलोलीकडचं. त्र्याण्णव साली भूकंप झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि तिच्या माहेरच्या घरात साधी वाटीसुद्धा फुटली नव्हती. सासरी आल्यावर तिला कळलं, की इथं माणसांची वयंसुद्धा भूकंपाच्या हिशेबानं सांगतात. हा भूकंपात दोन महिन्यांचा होता, ही भूकंपानंतरची पहिली. अशा बोलण्यात ती गप्प राहायची.

दोन-तीन वर्षांपासून तिला बातम्यांचा नाद लागला होता. चुलीवर चहा चढायच्या आधी फोन हातात. कुठं नदीत मासे मरून वर आले, कुठं एका पोरीला तिच्याच घरच्यांनी मारलं, कुठं दोन गल्ल्यांत दगड चालले, कुठं ढगफुटीत जनावरं दावणीला बांधलेलीच वाहून गेली. वाचलं की छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. मग ती ते चार ठिकाणी पाठवायची, आणि तेवढ्यापुरतं हलकं वाटायचं.

"सकाळी सकाळी काय वाचायलीस?" नवरा सुदाम विचारायचा. तो साखर कारखान्यात कामाला होता. "घास उतरत न्हाई माणसाला."

"माहिती नको का जग कुठं चाललंय ते?"

"हाव, पण शेजारी काय चाललंय ते बी बघावं की."

त्या सप्टेंबरात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. सोयाबीन पाण्यात उभं होतं. जमिनीखालून अधूनमधून गुरगुर यायची. ती गुरगुर या भागात नवी नव्हती, पण पावसात जास्तच जाणवायची. एका दुपारी चारच्या सुमारास भांड्यांच्या मांडणीवरची ताटं खणखणली. एकदाच. लोक दारात आले, एकमेकांकडे बघून आत गेले.

दहा मिनिटांनी नांदेडहून अयोध्याच्या बहिणीनं, दीपालीनं, तिला कुठून तरी आलेला एक मेसेज पाठवला. दोन तासांत मोठा धक्का येणार, घरं सोडा, मोकळ्यात जा. खाली कुणाचं नाव नाही, गाव नाही. अयोध्यानं तो दोनदा वाचला. तिनं आवाज भरून ग्रुपवर टाकायला फोन तोंडाशी धरला. नुसता मेसेज वाचून दाखवला तर कोण उठणार या पावसात, असं तिच्या मनात आलं. म्हणून शेवटी ती म्हणाली, "ही तहसीलमधून आलेली खबर हाय. लवकर बाहेर पडा."

तहसीलमधून तिला कुणीही काही कळवलं नव्हतं.

सगळं गाव शाळेच्या पटांगणात जमलं. म्हाताऱ्या बाया पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन थरथरत उभ्या. ज्यांनी भूकंपाची ती पहाट पाहिली होती ते आपापल्या घरांकडे बघत उभे होते. एक बाई नुसती नावं घेत होती, गेलेल्यांची. अयोध्या लेकरांची डोकी मोजत फिरत होती, आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला तिला आपण फार मोठं काम करतोय असं वाटत होतं.

तेवढ्यात कुणीतरी ओरडत आलं, मलप्पा पडला.

मलप्पा पासष्टीचा, एकटा माणूस. बायको आणि दोन लेकरं भूकंपात गेली, त्यानं पुन्हा लग्न केलं नाही. तो घराबाहेर पडला होता, चांगला रस्त्यापर्यंत आला होता. मग त्याला शेजारच्या धोंडाबाईची आठवण झाली. तिला कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. आत झोपली असेल तर तिला कोण सांगणार? तो मागं फिरला, आणि तिच्या दाराच्या ओल्या पायरीवरून घसरला. खुब्याचं हाड मोडलं.

सहा वाजले, सात वाजले. काही झालं नाही. भिजलेलं गाव घरी गेलं.

दुसऱ्या दिवशी तलाठी आला. भूकंप असा आधी कुणालाच सांगता येत नाही, कुणी ही अफवा सोडली, असं त्यानं सरपंचाच्या दारात विचारलं. अयोध्यानं तोवर आपला आवाज ग्रुपवरून सगळ्यांसाठी पुसून टाकला होता. पण ऐकलेलं कुठं पुसतं? सरपंचानं तिला सरळच विचारलं, "तहसीलचं तुला कुणी सांगितलं?"

चार माणसं बघत होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "वैजनाथभाऊ म्हणले."

वैजनाथचं गावात सेवा केंद्र होतं. आधार, सातबारा, दाखले. कामासाठी तो रोज तहसीलला जायचा, म्हणून लोकांना ते खरं वाटलं. त्यानं हात जोडून सांगितलं, मी असं काही बोललो नाही. त्याचं कुणी ऐकलं नाही. सरपंच त्याला नको नको ते बोलले. पुढच्या आठवड्यात लोक दाखल्याला किल्लारीला जाऊ लागले. अयोध्या त्या गल्लीतून जायची टाळू लागली. लसीचा डबा घेऊन लांबून वळसा घालायची.

मलप्पाचं लातूरला ऑपरेशन झालं. तीन आठवड्यांनी त्याला घरी आणलं. आता जखमेकडे लक्ष ठेवणं, गोळ्या चालू आहेत का बघणं, हे अयोध्याचंच काम होतं. ती दोन दिवस गेलीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली.

धोंडाबाई त्याच्या खाटेशी बसून भाकरी दुधात कुस्करून त्याला देत होती. अयोध्या तिच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली, "आत्या, तुम्ही रोज येताव का?"

"आत्ता पडला म्हणून न्हाई ग," धोंडाबाई म्हणाली. "हा खोकल्यानं आजारी पडला हुता तवापासून दोन भाकरी जास्तीच्या टाकते. चार वर्सं झाली असतील."

चार वर्षं. या गल्लीत अयोध्या आठवड्यातून दोनदा यायची. दूरदूरच्या गावचे मेलेले मासे तिला माहीत होते. या दोन भाकऱ्या तिला कधी दिसल्या नव्हत्या.

"आन् उठवून बसवायला?" अयोध्यानं परत तिच्या कानाशी विचारलं.

"त्यो वैजनाथ येतो की. सकाळी सहाला. उचलून मोरीत नेतो, धुतो, परत निजवतो. लेकावानी करतो."

अयोध्याच्या हातातली गोळ्यांची पुडी चुरगळली. मलप्पानं तिच्याकडे पाहिलं.

"बस, सूनबाई. उभी का?"

ती जमिनीवरच बसली. वर न बघता म्हणाली, "मामा, ती खबर मी टाकली हुती."

"माझ्या फोनवर बी आली हुती ती. तुझा आवाज वळखू येत न्हाई का मला?" तो सावकाश बोलत होता, मधेच दुखलं की थांबायचा. "मी पडलो ते पायरीवरनं. तुला काय वाटलं, मी तुला शिव्या देत पडलो आसन इथं? त्या पहाटं आमाला कुणी हाक मारली न्हाई, बाई. सगळे झोपीतच गेले. तू हाक तर मारली. खोटी निघाली, निघू दे."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आपण मारलेल्या हाकेचा या माणसानं असा अर्थ घेतला, हे तिला सहन होईना.

"न्हाई मामा. तहसीलमधून आली म्हणून मी सांगितलं, ते मी मनानंच जोडलं. कुणी सांगितलं नव्हतं मला. लोकांनी ऐकावं म्हणून."

धोंडाबाईला ऐकू गेलं नव्हतं, ती वाटी धुवायला उठली.

"मग वैजनाथचं नाव?" मलप्पानं विचारलं.

"ते बी मीच. भ्याले."

"त्याला सांगितलंस का?"

तिनं मान हलवली. नाही.

"मला सांगून काय उपयोग मग," मलप्पा म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं आणि डोळे मिटले.

ती तिथून निघाली ती सरळ सेवा केंद्राकडे. वैजनाथ एकटाच खुर्चीत बसून प्रिंटरचं झाकण पुसत होता. तिनं उंबऱ्यातच सगळं सांगितलं. तो ऐकून घेत राहिला.

"मला त्याच दिवशी ठाऊक हुतं, वहिनी," तो म्हणाला. "सरपंच तुमचं नाव घेऊनच मला बोलले."

"मग तुम्ही माझ्या दारात का न्हाई आलाव?"

"आलो हुतो. तुमचं पोरगं अभ्यास करत बसलं हुतं दारात. त्याच्यासमोर काय बोलू? माघारी गेलो."

अयोध्याला वाटलं, जमिनीनं आत्ता खरंच हलावं. पण जमीन हलली नाही. वैजनाथनं तिला पाणी विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "इथंच बसून सांगा ग्रुपवर. माझ्यासमोर. मग जावा."

तिनं तीन वेळा आवाज भरला आणि पुसला. चौथ्यांदा बोलली. तहसीलची खबर मी खोटी सांगितली, वैजनाथभाऊंचं नाव मी खोटं घेतलं, मलप्पामामा माझ्यामुळं पडले. शेवटी माफ करा म्हणायचं होतं, ते तिला जमलं नाही.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. मग बरंच लिहिलं. दोन घरांनी पुढं तिला दार उघडलं नाही. आरोग्य केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांपुढं लेखी खुलासा द्यावा लागला. तो लिहिताना तिनं काही जोडलं नाही, काही लपवलं नाही. सुदामनं त्या दिवशी जेवताना ताट लवकर सारलं. आठवड्याभरात वैजनाथच्या दुकानात पुन्हा दोन-चार माणसं दिसू लागली.

बातम्या यायच्या थांबल्या नाहीत. त्या ती अजूनही वाचते. पण ग्रुपवर बोलली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाला ती मलप्पाच्या घरी गेली. वैजनाथ खाटेशी उभा होता. तिला पाहून तो क्षणभर थांबला. मलप्पानं दोघांकडे बघितलं.

"त्या खांद्याखाली हात घाला, वहिनी," वैजनाथ म्हणाला. "दुखऱ्या बाजूला न्हाई. इकडून."

तिनं हात घातला. म्हातारा वाटला होता त्याहून फारच हलका होता.