मागाच्या खड्ड्यातलं मीठ

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर आलेलं नाही. बायको होती तेव्हा तिलाही सांगितलं नाही, देवापुढे तर उलट खोटंच बोललो. तुम्हाला सांगतो आहे — का, ते मलाही धड ठाऊक नाही.

आम्ही तांडापेठेतले विणकर. माग घरातच. मी मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणायचो आणि माझी सुमी शेजारी बसून चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. सात वर्षांची पोर. एका उन्हाळ्यात तिचं तोंड सुजलं, मग पाय. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं बिघडलीत, मिठाचा कणही पोटात जाता कामा नये.

पोर अळणी वरणाला तोंड लावेना. तेव्हा माझ्या बायकोनं, पार्वतीनं, मिठाची बरणी उचलून शेजारी देऊन टाकली. "पोरीले मीठ नाही, तं या घरात कोणालेच नाही." आम्ही सगळे एकत्र बसून अळणी जेवू लागलो. सुमी माझ्या ताटाकडे पाहायची. मी बोटं चाटून दाखवायचो. मग ती जेवायची.

किती गुणाचा बाप, नाही? थांबा.

थोड्याच दिवसांत — मला ते अन्न गिळवेना. काम अडलंय असं सांगून मी दुपारचं मागावरच जेवायला लागलो, आणि खड्ड्याच्या भिंतीतल्या खोबणीत मिठाची पुडी दडवली. संध्याकाळी पोरीसमोर बोटं चाटायची आणि दुपारी चिमूट चिमूट मीठ लावून खायचं. शी!

त्या खड्ड्यात पडलेल्या कांड्या वेचायला कोण उतरायचं? सुमीच. एकदा पुडीतल्या मिठात बोटाएवढा खळगा दिसला — ओलसर. उंदीर असेल, म्हणालो. ओल्या बोटानं मीठ चाखणारा उंदीर कुणी पाहिलाय का? मला तेव्हाच कळलं होतं. कळलं होतं, आणि तरी पुडी हलवली नाही. हलवली तर तिला विचारावं लागलं असतं — आणि मग तिनं मला विचारलं असतं.

सूज डोळ्यांवर चढली. नेमकी तेव्हा पार्वतीची धाकटी बहीण, वत्सला, उमरेडहून पोरीला पाहायला येऊन दोन दिवस राहिलेली. तिच्या पिशवीत पापड निघाले. पार्वती तिच्यावर धावली, "काहून वं, माह्या पोरीले मारून राहिली का?" वत्सला पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घेत होती, रडत होती. मी गप्प राहिलो असतो, तरी एक वेळ — पण नाही, मी बोललो. "मले तं कालच शंका आली होती," म्हणालो.

वत्सला त्याच दुपारी गेली. सुमी अंथरुणावरून माझ्याकडे पाहत होती. पार्वती चुलीकडे वळल्यावर हळूच म्हणाली, "बाबा, मी नाही सांगत."

तिनं सांगितलं नाही. दिवाळीच्या आधीच ती गेली. वत्सला धावत आली, तेव्हा तिला पोरीचं तोंड पाहू दिलं नाही. दारात आडवा मीच उभा होतो. पुढे पार्वती वारली, तीसुद्धा बहिणीला शिव्याशाप देतच.

सुमीच्या तेराव्याला घरात पुन्हा मीठ आलं. पार्वतीनं ताट तसंच बाजूला सारलं. मी वरण चाखलं, कमी आहे म्हणालो, आणि वरून मीठ मागून घेतलं.