दिवस मावळायच्या आत

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात नंदनवन वस्तीत नानाजींच्या मुलीचं लग्न होतं. नानाजी गिरणीत नोकरीला, कुणाचं मन दुखवू नये म्हणून सदा जपणारा माणूस. शेजारचे ताराचंद जैन होते, दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नसत. त्यांच्यासाठी नानाजींच्या बायकोनं, रुखमाबाईंनी, कांदालसूण न घालता वेगळा स्वयंपाक केला होता.

पण भिवापूरहून वऱ्हाड उशिरा आलं आणि लग्न लागेपर्यंत ऊन कललं. पहिली पंगत मुलाकडची, ती उठेपर्यंत दिवस मावळला असता. त्यांच्याआधी आपल्या माणसाला वाढलं तर व्याही रुसतील, अशी नानाजींना भीती वाटली.

सकाळपासून मांडवात राबणारे ताराचंद हळूच म्हणाले, “मी आज उपास धरतो. तुम्ही चिंता नका करू.”

त्यांचा सुकलेला चेहरा नानाजींना पाहवेना. ते व्याह्यांपुढे, चंपतरावांपुढे, जाऊन उभे राहिले आणि अडखळत सगळं सांगितलं. नानाजींची नजर मांडवातल्या मुलीकडे गेली.

“मले काहून विचारता, नानाजी?” चंपतराव म्हणाले. “माह्या घरी बोकड शिजते, त्याच्या घरी कांदाही चालत नाही. ज्याचा त्याचा नेम. बसवा त्याले आधी.”

ताराचंद संकोचले. तेव्हा चंपतराव स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या पाटाशी बसले. ताराचंद जेवत होते तोवर नानाजी पश्चिमेकडेच पाहत राहिले. ताराचंदांनी हात धुतले, तेव्हा कौलांवर अजून थोडं ऊन होतं.