पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी

बसवनगुडीतल्या त्या सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर कन्नड आणि इंग्रजीत पाटी होती: इथे मुलगा की मुलगी हे सांगितलं जात नाही, विचारू नये. मला पाचवा महिना होता. आधीच्या दोन्ही सोनोग्राफींच्या वेळी डॉक्टरबाई भरभरून बोलल्या होत्या. पोटावर गार जेल लावताना त्यांनी समजावलं होतं, की यंत्र आणि कातडीच्या मधे हवा राहिली तर यंत्रातून निघणारा आवाज आत शिरतच नाही. तो आवाज आपल्याला ऐकू येत नाही, पण आत आदळून परत येतो आणि त्या परतीवरूनच चित्र तयार होतं.

त्या दिवशी त्या बोलता बोलता थांबल्या. हातातलं यंत्र एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवत राहिल्या. "स्वल्प इरी," थोडं थांबा, असं म्हणून त्यांनी पडदा स्वतःकडे वळवला.

मला वाटलं, मुलगा की मुलगी हे आमच्या लक्षात येऊ नये म्हणून बाई सावध झाल्या. मी म्हणाले, "काळजी करू नका, आम्ही विचारणार नाही." वर शेजारी उभ्या नवऱ्याकडे बघून हसलेसुद्धा. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

बाई हसल्या नाहीत. एरवी त्या टिश्यू पेपर माझ्या हातात देऊन पुढच्या बाईला आत बोलवायच्या. त्या दिवशी त्यांनी माझं पोट स्वतः पुसलं, सावकाश, जेलचा एक थेंबही राहू न देता, आणि मगच सांगितलं की बाळाचे ठोके थांबलेत.