अक्कांची बोरं

पिकल्या बोरांचा वास आला की जळगावची मेहरूण तलावाकाठची जुनी गल्ली आठवते. तिथे मी नवीनच राहायला गेलो होतो आणि पुण्याहून आलेल्या मित्रांना रुबाबात गल्ली दाखवत होतो. ओट्यावर बोरं निवडणाऱ्या अक्कांनी मला विचारलं, "भाऊ, तुम्हनं गाव कोनतं शे?" भडगावला आमच्या घरी आई हीच बोली बोलते. पण ते ऐकून मित्र हसले, आणि मी म्हणालो, "मला तुमची भाषा कळत नाही." अक्का ओशाळल्या. "माफ करा साहेब, आम्हाले शुद्ध येत नही," म्हणत त्यांनी माझ्या ओंजळीत बोरं घातली. ती मी खाल्लीसुद्धा. परवा आईचा फोन आला. मुलीने तो माझ्या हातात दिला. "बाबा, आजीची भाषा मला कळत नाही."