दादाने न घेतलेला स्कॅनर

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बुलढाण्यात दुपारची झोप काढत होते. शोभावहिनी पलीकडून अगदी शांतपणे म्हणाली, "सुधाताई, तुमचे दादा गेले. बसल्या बसल्या गेले... कॉम्प्युटरसमोर." मी खामगावला पोचले तरी तो कॉम्प्युटर कुणी बंद केला नव्हता. पडद्यावर दोन स्कॅनर शेजारी शेजारी मांडलेले, यातला बरा कोणता हे पाहणं चाललेलं. जमलेली मंडळी म्हणाली, नादात गेला, भाग्याचं मरण. मला मात्र राग आला. मेलेल्या भावावर रागावू नये हे मलाही कळतं, पण आला, आणि इतके आठवडे झाले तरी गेलेला नाही.

दादा कचेरीत कारकून, आणि फोटोंचा नादी. त्याची एकुलती एक मनू शाळेत घालायच्या आधीच तापाने गेली. गेलेल्या लेकराचं घरात काही ठेवलं की पुढचं मूल राहत नाही, अशी आमच्या आईची पक्की समजूत. तिने मनूचे फ्रॉक, वाळे, खेळणी आणि अल्बममधले सगळे फोटो गाठोड्यात बांधून पूर्णेत सोडले. पुढचं मूल झालंच नाही. निगेटिव्ह म्हणजेही फोटोच, हे आईला ठाऊक नव्हतं, म्हणून दादाच्या कपाटात एक पट्टी वाचली. आई होती तोवर ती बाहेर काढायची कुणाची छाती झाली नाही. वहिनी कधीतरी लपून खिडकीशी धरायची. काळा चेहरा, पांढरे केस. "माही मनू म्हातारी झाल्यावानी दिसते," म्हणायची आणि पट्टी परत ठेवून द्यायची.

आई गेली तोवर गावातली फिल्म धुणारी दुकानंही गेली होती. दादा म्हणाला, घरीच स्कॅन करू. वहिनीने त्या दिवशी शिरा केला होता. मग सुरू झालं ते निवडणं. कागदपत्रांच्या स्कॅनरमध्ये बारकावा येत नाही. खास फिल्मचा आहे तो जुना, बिघडला तर दुरुस्त कोण करणार? मग म्हणे कॅमेराच बरा, खाली उजेडाची पाटी ठेवून निगेटिव्हचाच फोटो काढायचा, पण त्याला लेन्स वेगळी लागते. दर दिवाळीला ठरायचं, आणि संक्रांतीपर्यंत त्याहून चांगला स्कॅनर निघालेला असायचा. मी एकदा म्हटलं, "दे माझ्याकडे, बुलढाण्यात करून आणते." तर म्हणाला, "तुले काऊन घाई हाये? हे स्टुडिओवाले बोटं लावतात निगेटिव्हले."

घाई मला नव्हती. वहिनीला काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी दादाच्या देखत सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेलीचा भरवसा नाही. घरी येऊन वहिनीने एवढंच मागितलं, "कसाबी काढा, पण मले दिसते तोवर काढा." दादा हो म्हणाला आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला. मी भांडले, बोलणं टाकलं, पुन्हा बोलायला लागले. तोवर वहिनी भिंतीला हात लावून चालायला लागली होती.

तेरावं झाल्यावर मी दुकानातला सगळ्यात साधा, फिल्म लावता येणारा स्कॅनर आणला. पट्टीतल्या बाकीच्या फोटोंत देवळं आणि डोंगर होते, मनू एकाच चौकटीत होती. ती पडद्यावर उमटली तेव्हा वहिनी माझ्या खांद्याला धरून उभी होती. देवळाच्या पायरीवर एक फ्रॉक, त्यावर चेहऱ्याच्या जागी पुसट गोळा. पोरगी हलली असेल, नाहीतर दादाचा हात. मोठं करून पाहिलं तर गोळाच मोठा झाला. तेव्हा कळलं, भिंगातून त्याने हे कितीदा तरी पाहिलं असणार, आणि एखादा स्कॅनर तरी यातून चेहरा काढून देईल या आशेवर तो बसला असणार. जे फिल्मवर उतरलंच नाही ते कुठला स्कॅनर देणार होता? आणि वहिनीला, डोळे होते तेव्हा, हा गोळाही पुरला असता. दादाचं दुःख मला कळलं. माफ मात्र मी त्याला केलेलं नाही.

"दिसून राह्यली का?" वहिनीने विचारलं.

"हो."

"साफ आली न? यायनं इतकं थांबून फोटो राखला, तं चांगलाच आला असंन."

मी म्हणाले, अगदी स्वच्छ आलाय. दुसरं काय म्हणणार होते...

तिने तो मोठा करून, फ्रेम करून पुढच्या खोलीत लावायला सांगितला. शेजारी हार घातलेला दादा आहे. तो कचेरीतल्या कुणीतरी मोबाईलवर सहज काढलेला, त्यात मिशीचा केस न केस मोजून घ्यावा. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी चाचपडत त्या भिंतीपाशी नेते. परवा धामणगावहून तिची मावशी आली होती. "पाहा मावशी," वहिनी म्हणाली, "लोकं हसत होते यायले. पण कसा राखला, पाहा." मावशीने गोळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "हाव बाई, तुह्यावरच गेली पोरगी."

वहिनी हसली. एवढी खूश मी तिला दादा असताना कधी पाहिली नव्हती.